मनाच्या आजाराला नाव देताना

१९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णांच्या मुलाखतींच्या त्याच त्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. त्यांतला एक रुग्ण ब्रुकलिनमधला अविवाहित तरुण होता. शारीरिक कारण सापडत नसताना त्याचा एक हात लुळा पडलेला होता, मनःस्थिती कधी चढे, कधी उतरे, आणि दारूचीही पार्श्वभूमी होती. चित्रफीत पाहून अमेरिकेतल्या ६९ टक्के डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान केले. ब्रिटनमध्ये हेच निदान करणारे डॉक्टर निघाले अवघे २ टक्के. पडद्यावरचा माणूस तोच, त्याची उत्तरे तीच, डॉक्टरांची भाषाही एकच. त्या काळात अमेरिकेच्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण ब्रिटनपेक्षा कितीतरी जास्त नोंदले जात होते. हा फरक आजारात आहे की डॉक्टरांच्या सवयीत, हा खरा प्रश्न होता. दोन्ही देशांतल्या संशोधकांनी मिळून न्यूयॉर्क आणि लंडनच्या मनोरुग्णालयांत नव्याने दाखल झालेल्या रुग्णांना एकाच ठरावीक मुलाखतीने तपासले, तेव्हा फरक बव्हंशी नाहीसा झाला. न्यूयॉर्कचे डॉक्टर उन्मादाच्या आणि नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांनाही स्किझोफ्रेनियाच्या खात्यात टाकत होते. लिथियमचा उन्मादावरचा गुण जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात १९४९मध्येच दाखवून दिला होता, १९७०मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पण केसपेपरवर नाव दुसऱ्याच आजाराचे असले, तर त्या रुग्णाला लिथियम द्यायचे कुणाला सुचणार?

मनाच्या आजारांची नावे कशी ठरतात हा प्रश्न त्यामुळे पुस्तकी चर्चेपुरता उरत नाही. आपल्याकडे त्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते की डॉक्टरने नाव सांगितले म्हणजे मधुमेह किंवा क्षयासारखे काही तरी पक्के सापडले. काहींना वाटते की रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही, मग हे सगळे बोलाचेच. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. ही नावे निसर्गात तयार सापडलेली नाहीत. पुराव्याच्या आधारे तज्ज्ञांनी आपापसांत केलेला, वेळोवेळी दुरुस्त होणारा तो ठराव आहे. तरीही तो फार उपयोगाचा आहे. मात्र त्याचा उपयोग व्हायचा तर व्याख्या लिहिलेल्या पुस्तकापेक्षा रुग्णासमोर बसून केलेल्या तपासणीवर जास्त भिस्त असते. वाद घातला जातो पुस्तकावर, आणि हेळसांड होते तपासणीची.

आधी या ठरावाचा इतिहास पाहू. आजारांची वर्गवारी कारणावरून करावी हा मोह जुना आहे. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार येतात: वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोषांचा आणि बाहेरून आलेला आगंतुक. जर्मनीत हायडेलबर्गला काम करणाऱ्या एमिल क्रेपेलिन यांनी मात्र कारणाचा अंदाज बाजूला ठेवून काळावर भरवसा ठेवला. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करायचे, त्यावर लक्षणे लिहायची, आणि पुढे त्या माणसाचे काय झाले तेही नोंदवत जायचे. अशा कार्डांवरून त्यांनी १८९९मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत दोन मोठे गट मांडले. एकात तरुणपणी सुरू होऊन माणूस हळूहळू खचत जातो, दुसऱ्यात उन्मादाचे आणि विषण्णतेचे झटके येतात, जातात आणि मधल्या काळात माणूस पूर्ववत होतो. पहिल्या गटाला स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. आजही जगभर वापरात असलेल्या वर्गवारीचा कणा हाच आहे. कारणे सापडलीच नाहीत असेही नाही. मनोरुग्णालयांतल्या खाटा अडवून बसलेला, बुद्धी आणि शरीर दोन्ही लुळे करणारा एक आजार सिफिलिसमुळे होतो, हे १९१३मध्ये नोगुची आणि मूर यांना मृत रुग्णांच्या मेंदूत ते जंतू सापडल्यावर पक्के झाले. पेलाग्रामधला भ्रमिष्टपणा आहारातल्या नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने येतो हेही कळले. पण कारण कळले की आजार मानसोपचाराच्या हातून निघून दुसऱ्या शाखेकडे जातो. मागे उरतात ते ज्यांचे नेमके कारण अजून हाती आलेले नाही ते. म्हणून या शाखेत नाव वर्णनावरूनच द्यावे लागते. त्यात आळस किंवा लबाडी नाही.

वर्णन करायचे तर सगळ्यांनी एकसारखे करावे, हा आग्रह मात्र बराच उशिरा आला. अमेरिकन मानसोपचार संघटनेची डीएसएम ही नियमपुस्तिका १९५२मध्ये प्रथम निघाली. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांवर मनोविश्लेषणाचा दाट ठसा होता, आणि आजाराचे वर्णन चार ओळींत उरकलेले असे. चित्रफितींच्या अभ्यासाने आणि त्यासारख्या इतर कामांनी ही ढिलाई चव्हाट्यावर आली. सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने १९७२मध्ये निदानाचे काटेकोर निकष छापले, आणि तोच धागा पकडून रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९८०मध्ये डीएसएमची तिसरी आवृत्ती तयार झाली. आधीची १३४ पानांची होती, ही ४९४ पानांची. आता प्रत्येक नावापुढे आले: यांतली इतकी लक्षणे हवीत, इतके दिवस हवीत, आणि अमुक कारण असेल तर हे नाव देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या वर्गीकरणात मनोविकारांचे प्रकरण १९४८च्या सहाव्या आवृत्तीपासून आहे. त्याची अकरावी आवृत्ती २०१९मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. भारताचा २०१७चा मानसिक आरोग्य कायदा निदानासाठी राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय निकषांचाच आधार घ्यायला सांगतो आणि त्यात आयसीडीचा नावाने उल्लेख करतो.

निकष म्हणजे प्रत्यक्षात काय, ते नैराश्याच्या उदाहरणावरून कळते. डीएसएममध्ये नऊ लक्षणे आहेत: मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, भूक किंवा वजन बदलणे, झोप बिघडणे, हालचाल मंदावणे किंवा उगाच अस्वस्थ होणे, थकवा, आपण कुचकामी किंवा अपराधी आहोत असे वाटणे, लक्ष न लागणे, आणि मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ असायला हवीत. त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी हवेच. शिवाय त्यामुळे घरचे, कामाचे, माणसांतले जगणे अडलेले हवे, आणि ते औषध, दारू किंवा शरीराच्या दुसऱ्या आजारामुळे आलेले नसावे. वाचायला हे नेमके वाटते. पण नऊपैकी पाच किंवा जास्त लक्षणांच्या या अटी पुरवणाऱ्या जुळण्या मोजल्या तर त्या २२७ भरतात. एकाच नावाचे दोन रुग्ण शेजारी बसवले तर त्यांच्यात एकच लक्षण समान असू शकते. त्यातही झोप हे एकच लक्षण एकाच्या बाबतीत रात्रभर डोळा न लागणे असेल, दुसऱ्याच्या बाबतीत दुपारपर्यंत अंथरुणातून न उठणे. आघातानंतरच्या तणावविकाराचा असाच हिशेब संशोधकांनी २०१३मध्ये केला, तेव्हा डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे ६,३६,१२० जुळण्या निघाल्या. नाव एक आहे म्हणून माणसे एकसारखी आहेत असे समजणे किती फसवे आहे, ते या आकड्यांत दिसते.

मग डॉक्टरांचे एकमत तरी वाढले का? ते मोजण्यासाठी कॅपा नावाचा आकडा वापरतात. शून्य म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळावे इतकेच जुळले, एक म्हणजे पूर्ण एकमत. डीएसएमची पाचवी आवृत्ती २०१३मध्ये येण्यापूर्वी तिची चाचणी झाली, त्यात एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे तपासले. आघातानंतरच्या तणावविकाराचा कॅपा ०.६७ आला, स्किझोफ्रेनियाचा ०.४६, आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजारांपैकी एक असलेल्या नैराश्याचा फक्त ०.२८. टीकाकारांच्या हातात आयते कोलीत मिळाले. पण याच्या शेजारी दुसरी चाचणी ठेवून पाहावी. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीसाठी भारतासह १३ देशांत झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन डॉक्टर एकाच खोलीत, एकाच मुलाखतीला बसले आणि मग त्यांनी आपापले निदान वेगळे लिहिले. इथे कॅपा ०.४५पासून ०.८८पर्यंत आला. पुस्तके वेगळी, रुग्ण वेगळे, त्यामुळे दोन चाचण्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही, हे मान्य. तरी मतभेद कुठून येतो याचा माग त्यात लागतो. स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकातच मतभेदाची कारणे वेगळी काढली होती. एक कारण, डॉक्टरांच्या डोक्यातल्या व्याख्या वेगळ्या असतात. दुसरे, दोघांच्या हाती आलेली माहितीच वेगळी असते, कारण एकाने जे विचारले ते दुसऱ्याने विचारले नाही, किंवा रुग्णाने सोमवारी जे सांगितले ते गुरुवारी सांगितले नाही. पहिले कारण पुस्तकाने बरेचसे दूर केले. दुसऱ्यावर पुस्तकाचा इलाज चालत नाही.

चांगली तपासणी म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. रुग्ण दारातून आत येतो तेव्हापासून ती सुरू होते. कपडे कसे आहेत, चाल किती मंद, नजर मिळते का, बोलण्याचा वेग काय, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी पडते का, मनःस्थितीबद्दल तो जे सांगतो ते चेहऱ्यावर दिसते का, आज वार कोणता हे ठाऊक आहे का, आणि आपल्याला काही होते आहे याची जाण आहे का. एखादी बाई म्हणाली, "मला आवाज ऐकू येतात," तर एवढ्यावर काहीच ठरत नाही. नवरा जाऊन महिना झाला आहे आणि संध्याकाळी दार वाजले की त्याची हाक आल्यासारखी वाटते, ही एक गोष्ट. जागेपणी, लख्ख उजेडात, दोन अनोळखी माणसे तिच्या प्रत्येक हालचालीवर आपापसांत बोलताना स्पष्ट ऐकू येतात, ही वेगळी गोष्ट. दोन्हींसाठी ती एकच वाक्य वापरेल. फरक कळतो पुढच्या पाचसहा प्रश्नांत. नैराश्यासाठी आलेल्या तरुणाचेही तेच. त्याला विचारावे लागते की पूर्वी कधी असे दिवस आले होते का, जेव्हा दोनतीन तास झोपूनही थकवा नव्हता, डोक्यात एकामागून एक बेत येत होते, बोलणे थांबत नव्हते, पैसा हातात टिकत नव्हता. तो बहुधा नाही म्हणतो, कारण ते दिवस त्याच्या लेखी आजाराचे नसून आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस असतात. त्याची आई किंवा बायको मात्र लगेच सांगते की त्या मे महिन्यात यांनी कर्ज काढून दोन धंदे सुरू केले आणि घरात कुणाला झोपू दिले नाही. एवढ्या एका माहितीने नैराश्याचे निदान बदलून द्विध्रुवी विकाराचे होते आणि औषधही बदलते, कारण अशा काही रुग्णांना नुसती नैराश्यावरची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. थायरॉइड मंदावलेला असणे, बी-१२ कमी असणे, चालू असलेली इतर औषधे, दारू, वयस्कर माणसात अचानक आलेला गोंधळ या सगळ्यांची छाननी याच तपासणीत होते. रक्ताची तपासणी इथे असते. ती मनोविकार सिद्ध करण्यासाठी नसते, दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी असते.

प्रश्नावल्यांची जागा इथेच नीट समजून घ्यायला हवी, कारण आता त्या प्रत्येकाच्या फोनवर आहेत. पीएचक्यू-९ ही सर्वांत परिचित. वर सांगितलेल्या नऊ लक्षणांवर नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा त्रास झाला यावर शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण पडले तर पुढे नीट तपासावे, असा संकेत आहे. प्रश्नावली चांगली आहे, तिने अनेकांना वेळेवर डॉक्टरांकडे पोचवले आहे. पण २०२०मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा दहा गुणांच्या रेषेने नैराश्यात मोडणाऱ्यांचे प्रमाण सविस्तर मुलाखतीतून निघालेल्या प्रमाणाच्या सुमारे दुप्पट भरले. ती गाळणी आहे. गाळणीत अडकलेला प्रत्येक जण आजारी नसतो. पाच मिनिटांत गुण पाहून स्वतःला बायपोलर किंवा एडीएचडी म्हणवून घेणाऱ्या मुलांचा त्रास खोटा आहे असे मी म्हणत नाही. त्यांच्या त्रासाला गुणांपेक्षा जास्त वेळ मिळायला हवा, इतकेच म्हणतो.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा: ठरावच करायचा असेल तर बहुमताने कुणालाही आजारी ठरवता येईल. तसे घडलेही आहे. १८५१मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच मनोविकार ठरवून त्याला नाव दिले होते. सोव्हिएत रशियात सरकारला विरोध करणाऱ्यांना मंदगती स्किझोफ्रेनियाचे निदान देऊन रुग्णालयांत डांबले गेले. समलैंगिकता डीएसएममध्ये विकार म्हणून होती. अमेरिकन संघटनेने १९७३मध्ये ती काढली, दुसऱ्या वर्षी सभासदांचे मतदानही झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती काढायला १९९० उजाडले. हा इतिहास लाजिरवाणा आहे आणि तो झाकू नये. समलैंगिकतेची नोंद डॉक्टरांनी आपण होऊन खोडली नाही, रस्त्यावर आणि परिषदांत शिरून भांडणाऱ्या माणसांनी ती खोडायला लावली. पण यातून निघणारा निष्कर्ष वर्गवारी मोडीत काढावी असा नाही. नाव लेखी, निकषांसह असले की त्याला आव्हान देता येते. डॉक्टरच्या मनातल्या मतावर कुणी आक्षेप कसा घेणार? आपल्या २०१७च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात हा धडा उतरला आहे. एखाद्याची राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती, त्याचा धर्म किंवा वंश, समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी न जुळणारे वागणे यांवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही आज तो आजारी ठरत नाही. रक्ततपासणी नसल्याच्या तक्रारीबद्दल एवढेच की अर्धशिशीचे निदानही रुग्णाच्या तोंडून ऐकूनच करतात, आणि त्या दुखण्याला कुणी काल्पनिक म्हणत नाही. या वादात डेव्हिड रोझेनहान यांच्या १९७३च्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. धडधाकट माणसे आवाज ऐकू येतात असे सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली, ती ही गोष्ट. सुझाना कॅहालन यांनी २०१९मध्ये त्या प्रयोगाच्या नोंदी धुंडाळून त्याच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका उभ्या केल्या आहेत, त्यामुळे मी त्यावर माझा युक्तिवाद उभा करत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या जवळचा आहे: ही सगळी पाश्चात्त्यांनी केलेली खाती, ती आपल्या माणसांना कशी लागू पडणार? याचे एक उत्तर आग्र्यात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ केंद्रांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. आग्रा, इबादान, काली, लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन ही त्यांतली काही. एकाच मुलाखतपद्धतीने पाहिल्यावर लक्षणांचा मूळ नमुना नऊही ठिकाणी सापडला. वेगळे पडले ते मॉस्को आणि वॉशिंग्टन, कारण तिथे या नावाची व्याप्तीच मोठी होती. पुढच्या वर्षांतल्या पाहणीत आग्रा आणि इबादानच्या रुग्णांची प्रकृती श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी राहिल्याचे दिसले. त्याच्या कारणांवर आजही वाद आहे, पण या आजारात माणूस खचतच जातो या क्रेपेलिन यांच्या समजुतीला त्याने तडा दिला. म्हणजे नमुना सगळीकडचा असला, तरी त्यावरून माणसाचे भविष्य वाचता येत नाही. आणि काही ठिकाणी खाते खरोखरच तोकडे पडते. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेले लोक मनाची तक्रार घेऊन क्वचितच येत. अंगदुखी, थकवा, झोप नाही, बायकांच्या बाबतीत पांढरे जाणे, अशा वाटेने येत. उदास वाटते का, असा थेट प्रश्न टाकणारा डॉक्टर इथे हात हलवत परत जाईल.

आयसीडीने याची काही दखल घेतली आहे. अंगात येणे घ्या. जत्रेत, आरतीच्या वेळी, घरच्या देव्हाऱ्यासमोर ज्यांच्या अंगात येते, त्यांना अकराव्या आवृत्तीच्या निकषांप्रमाणे रुग्ण म्हणता येत नाही. कारण ते समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेचा भाग आहे. तीच अवस्था मनाविरुद्ध, कुठेही, वारंवार येऊ लागली आणि माणसाचे जगणे त्याने विस्कटले, तर मात्र तिथे तपासायला हवे. शोकाचेही असेच. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर न ओसरणारा, माणसाला कोलमडवून टाकणारा शोक हा आता स्वतंत्र विकार मानला जातो. आयसीडी त्यासाठी किमान सहा महिने धरते, डीएसएमची २०२२ची सुधारित आवृत्ती मोठ्या माणसांसाठी बारा. एकच शोक एका पुस्तकाप्रमाणे सातव्या महिन्यात विकार होतो आणि दुसऱ्याप्रमाणे होत नाही, यावरून या रेषा माणसांनी आखल्या आहेत हे दिसतेच. वर्षश्राद्धापर्यंत घरात सणवार न करणाऱ्या समाजात सहा महिने मला घाईचे वाटतात. आयसीडीने मात्र सोबत अट घातली आहे की हा शोक त्या माणसाच्या समाजातल्या आणि धर्मातल्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावा. ती रीत कोणती, हे ज्याला विचारायचे सुचेल तोच ही अट पाळू शकेल.

रेषा माणसांनीच आखल्या आहेत, तर त्या पुसून टाकून सगळे चढत्या मापात का मोजू नये? हा आक्षेप संशोधकांचा आहे आणि तो वजनदार आहे. क्रेपेलिन यांनी ज्यांना दोन बाजूंना बसवले त्या स्किझोफ्रेनिया आणि द्विध्रुवी विकाराची अनुवांशिक मुळे मोठ्या प्रमाणात सामाईक आहेत, हे जनुकांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक थॉमस इन्सेल यांनी २०१३मध्येच जाहीर केले की संस्थेचे संशोधन यापुढे डीएसएमच्या खात्यांना बांधून राहणार नाही. आयसीडीनेही व्यक्तिमत्त्वविकारांची जुनी ठोकळेबाज नावे बाजूला सारून सौम्य, मध्यम, तीव्र असे माप स्वीकारले आहे. माझा याला विरोध नाही. पण दवाखान्यात निर्णय हो किंवा नाही असाच घ्यावा लागतो: गोळी सुरू करायची की नाही, दाखल करायचे की घरी पाठवायचे. रक्तदाबही सलग चढत जाणारा आकडा आहे, तरी १४०/९०ची रेषा लागते. ती निसर्गाने आखलेली नाही हे ठाऊक असूनही आपण ती वापरतो, आणि १३८ आलेल्या माणसाकडे काणाडोळा करत नाही.

शिक्क्याची भीती मात्र खरीखुरी आहे. लग्न, नोकरी, घर भाड्याने मिळणे, सगळीकडे ती आडवी येते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचा नावानिशी उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केले की नुसते नाव पुरेसे नाही. आजार किती तीव्र आहे आणि त्यामुळे संसार करणे कितपत अशक्य झाले आहे, हे सिद्ध करावे लागेल. नाव आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या असतात हे न्यायालयाने ओळखले. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वापरली जाणारी आयडियाज ही भारतीय मोजपट्टीही हेच करते: माणूस स्वतःची काळजी घेतो का, माणसांत मिसळतो का, संवाद साधतो का, काम करतो का. एकच निदान असलेल्या दोघांपैकी एकाला दाखला मिळतो आणि दुसरा बँकेत रोजची नोकरी करतो, यात विसंगती काही नाही. आणि नावच नको म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. नावाशिवाय हा दाखला नाही, विम्याची भरपाई नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मनोविकार असल्याचे आढळले, आणि बहुतेक आजारांत दहापैकी सातहून जास्त जण उपचारांबाहेर होते. ठरलेली नावे नसती तर ही माणसे मोजताच आली नसती, आणि मोजणीत नसलेल्या माणसांसाठी सरकार पैसा ठेवत नाही.

अडचण आहे ती वेळेची. देशात दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बाकी भार जिल्हा रुग्णालये आणि खासगी दवाखाने उचलतात. सरकारी ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना त्या मे महिन्यात काय झाले हे आईला विचारायला डॉक्टरला सवड कुठून मिळणार? डॉक्टरांना दोष देऊन हे सुटणारे नाही. गोव्यातल्या मानस या प्रयोगाने एक वाट दाखवली आहे. तिथे डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना आरोग्यकेंद्रांत बसवले, आलेल्यांना प्रश्नावलीने चाळले, आणि समुपदेशकांनी त्यांच्याशी सविस्तर बोलून पाठपुरावा केला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे वाढले. आधीचा इतिहास, घरच्यांची बाजू, चालू औषधे एवढे जरी अशा प्रशिक्षित माणसाने शांतपणे लिहून ठेवले, तरी तज्ज्ञाची दहा मिनिटे नेमक्या प्रश्नांवर खर्च होतील. पहिल्या भेटीत पक्के नाव देण्याची घाई न करता तात्पुरते म्हणून लिहावे आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासावे. क्रेपेलिन यांच्या कार्डांतली हीच गोष्ट आजही कामाची आहे. केसपेपरवर नावाबरोबर ते कोणत्या लक्षणांवरून, किती काळाच्या आणि कुणी दिलेल्या माहितीवरून ठरले, हे दोन ओळींत लिहिलेले असावे. आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क २०१७च्या कायद्याने रुग्णाला दिलेलाच आहे. त्या दोन ओळी तिथे असतील, तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला ते नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे लागणार नाही, तपासून पाहता येईल.